पाठीवर गाठ घेऊन जन्मलेली दोन बाळं आणि गावाची मोजणी

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. लोकसंख्या तीस हजार, वर्षाला साडेतीनशेच्या आसपास जन्म. एकाच वर्षात दोन बाळं पाठीवर गाठ घेऊन जन्मली, एक १० जूनला आणि दुसरं २० नोव्हेंबरला. दोन्ही पूर्ण दिवसांची. आंब्यावरच्या फवारणीमुळे हे झालं, असं गावात बोललं जातंय. वैद्यकीय अधिकाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: गावाला काय सांगायचं, जन्मदोषांची नोंद कशी ठेवायची, आणि वाढीत मागे पडलेल्या मुलांचं घरोघर सर्वेक्षण करायचं झालं तर ते कसं.

आधी गावाचा प्रश्न घेऊ, कारण तो रोज दारात उभा राहणार आहे.

पाठीवरची गाठ म्हणजे बहुतेक वेळा न्यूरल ट्यूबचा दोष. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भात पूर्ण मिटत नाही. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली आला, त्यात हा दर हजार जन्मांमागे सुमारे ४.५ निघाला. वेगवेगळ्या भागांत तो बराच कमीजास्त आहे. तुमच्या ३५० जन्मांना हा दर लावला तर वर्षाला १.६ बाळं अपेक्षित आहेत आणि दोन किंवा जास्त बाळं दिसण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ जाते. आता तुमच्या भागात हा दोष फारच कमी आहे असं समजा, हजारी फक्त १. मग अपेक्षित संख्या ०.३५ होते आणि वर्षात दोन बाळं दिसण्याची शक्यता शंभरात पाच. ती लहान वाटते खरी. पण जिल्ह्यात अशी साठ केंद्रं असतील तर दर वर्षी त्यांतल्या तीन केंद्रांत नुसत्या योगायोगाने दोन-दोन बाळं दिसतील, आणि त्या तिन्ही ठिकाणी लोक कारण शोधत असतील. एका केंद्राच्या एका वर्षाच्या आकड्यावरून होय किंवा नाही, काहीच सिद्ध होत नाही.

हे गणित गावाला सांगून भागत नाही. ज्या घरात असं बाळ आहे त्या घराला शक्यता नको असते, कारण हवं असतं. म्हणून तारखा काढा.

न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून साधारण ४२ दिवसांत. त्यानंतर आईच्या संपर्कात आलेली कुठलीही गोष्ट ही नळी उघडी ठेवू शकत नाही. १० जूनला पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या आईची शेवटची पाळी २८० दिवस मागे, म्हणजे आदल्या वर्षीच्या ३ सप्टेंबरच्या आसपास. नळी मिटण्याची मुदत १५ ऑक्टोबरला संपली. हापूसच्या मोहर संरक्षणाच्या फवारण्या पालवी-मोहराच्या वेळी सुरू होतात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरपासून, आणि साधारण दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने फळधारणेपर्यंत चालतात. या बाळाच्या बाबतीत मोहराची फवारणी सुरू होण्याआधीच दोष घडून गेला होता. दुसऱ्या बाळाची पाळीची तारीख १३ फेब्रुवारीच्या आसपास आणि मुदत २७ मार्चपर्यंत. हा काळ फवारणीच्या हंगामात येतो. म्हणजे एका बाळाला मोहराची फवारणी लागू पडत नाही, दुसऱ्याच्या बाबतीत ती नाकारता येत नाही. एवढं प्रामाणिकपणे सांगा, त्यापुढे जाऊ नका.

पाळीची तारीख घरच्यांच्या आठवणीवर सोडू नका. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचा कागद असेल तर तोच धरा. डोक्यात पाणी झालेल्या बाळांचं सिझेरियन बऱ्याचदा दिवस भरण्याआधी होतं. अशा बाळाची तारीख जन्मापासून २८० दिवस मागे मोजली तर तीन-चार आठवड्यांनी चुकते, आणि इथे सगळा निर्णय त्या तीन-चार आठवड्यांवर असतो.

मग विचारा: त्या सहा आठवड्यांत आई होती कुठे? कोकणात या प्रश्नाइतका महत्त्वाचा दुसरा प्रश्न नाही, आणि तो कुठल्याच छापील फॉर्मवर नसतो. नवरा चाकरमानी, जोडपं नालासोपाऱ्याला किंवा डोंबिवलीला, आणि सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी आलेली. बाळ तुमच्या केंद्रात जन्मलं म्हणून ते तुमच्या गावचं मोजलं जातं, पण नळी मिटत होती तेव्हा आई या गावात पाऊल ठेवून नव्हती. उलटही घडतं. दिवस राहिले तेव्हा गावातच असलेली सून बाळंतपणाला कोल्हापूरला, गोव्यात बांबोळीला किंवा मुंबईला गेली की तिचं बाळ तुमच्या प्रसूती नोंदवहीत कधीच येत नाही. जन्माची कायदेशीर नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आई राहते तिथे नाही. म्हणून प्रत्येक बाळासाठी तीन ठिकाणं लिहा: जन्माचं, आईच्या नेहमीच्या राहण्याचं, आणि पाळी चुकल्याच्या सुमारास आई जिथे होती ते. दर काढताना दुसरं ठिकाण धरा, कारण शोधताना तिसरं.

दोन्ही आयांना विचारायच्या बाकीच्या गोष्टी: आकडीची गोळी चालू होती का, विशेषतः व्हॅल्प्रोएट. या औषधावर असलेल्या बायकांच्या शंभर बाळांत एक ते दोघांना न्यूरल ट्यूबचा दोष होतो. मधुमेह आधीपासून होता का. पहिल्या महिन्यात खूप ताप आला होता का. घराण्यात असं बाळ आधी झालं होतं का. हा दोष टाळायला मदत करणारं फॉलिक ॲसिड कधी सुरू केलं, तारखेसह. नवराबायको एकमेकांचे मामे-आतेभावंड आहेत का. हा शेवटचा प्रश्न हळुवार विचारा आणि उत्तर ऐकून चेहरा बदलू देऊ नका. सख्ख्या चुलत-मामे-आते नात्यातल्या लग्नात मोठ्या दोषाचा धोका नेहमीपेक्षा साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो. म्हणजे अशा शंभर जोडप्यांतल्या पंचाण्णवांची बाळं ठणठणीत असतात. सासूने सुनेच्या माहेराला बोल लावावा इतकी ती मोठी गोष्ट नाही, हे त्याच बैठकीत सांगून टाका. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, हेही निघेल. आईच्या मनातून ते काढणं हा उपचाराचाच भाग आहे.

आता नोंद.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तीस आजार-दोषांची यादी आहे आणि त्यातले नऊ जन्मदोष या गटात येतात: न्यूरल ट्यूबचे दोष, डाऊन सिंड्रोम, दुभंगलेला ओठ-टाळू, वाकडे पाय, खुब्याच्या सांध्याचा दोष, जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात बहिरेपणा, हृदयाचे दोष आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार. शेवटचा आजार बाळ जन्मल्यानंतर होतो. सेवेसाठी तो यादीत असणं योग्य आहे, पण जन्मदोषांचा दर काढताना तो वगळा. तुमच्या ३५० जन्मांत सगळे मोठे दोष मिळून वर्षाला सात ते दहा बाळं सापडायला हवीत, कारण मोठ्या दोषांचं प्रमाण जगभर शंभरात दोन ते तीन असतं. वर्षभरात दोनच नोंदी असतील तर गाव निरोगी आहे असा अर्थ काढू नका. बाळं नीट पाहिली जात नाहीत, असाच तो बहुतेक वेळा असतो. हृदयाचे दोष हजारी आठ-नऊ असतात आणि जन्माच्या दिवशी त्यातले कितीतरी डोळ्यांना दिसत नाहीत.

पाहायचं कसं, ते जरा जवळून. बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, वॉर्मरखाली, पूर्ण उघडं. लंगोट बांधलेलाच राहिला तर तपासणी झाली नाही असं समजा. डोक्याचा घेर न ताणणाऱ्या टेपने, भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत उंच भागावरून, तीनदा मोजून सर्वांत मोठं माप लिहायचं. डोक्याला सूज असेल तर २४ तासांनी पुन्हा. पूर्ण दिवसांच्या मुलाचा घेर ३१.९ आणि मुलीचा ३१.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर डोकं लहान आहे. ३०.७ आणि ३०.३ च्या खाली गेला तर फारच लहान. डोळ्यांत ऑफ्थॅल्मोस्कोपने लाल प्रकाश दोन्हीकडे सारखा परततो का, बुबुळात पांढरं दिसतं का. टाळू टॉर्च आणि जीभदाबणीने पाहायचा. नुसतं बोट फिरवून मागचा मऊ टाळू फाटलेला कळत नाही, आणि मग ते बाळ दोन महिने 'दूध नाकातून येतं' म्हणून फिरत राहतं. गुदद्वार डोळ्यांनी पाहा. शी झाली म्हणून ते आहे असं धरू नका. मुलींमध्ये ते नसतानाही दुसऱ्या वाटेने शी होते. खुब्याचा सांधा निसटतो का, ते ऑर्टोलानी-बारलो पद्धतीने पाहा, हलक्या हाताने, बाळ रडत नसताना. मग बाळ पालथं घ्या आणि मानेपासून माकडहाडापर्यंत अंगठा फिरवा. केसांचा पुंजका, खड्डा, चरबीची गादी, लाल डाग, यातलं काहीही मध्यरेषेवर सापडलं की लिहा.

वाकड्या पायाबाबत नोंदी सर्वांत जास्त चुकतात. पाय हलक्या हाताने सरळ रेषेत आणता येत असेल तर तो पोटातल्या अवघडलेपणाचा परिणाम, जन्मदोष नव्हे. हाताने सरळ होतच नसेल तरच क्लबफूट. हा फरक न केल्याने एका केंद्रात हजारी दहा आणि शेजारच्या केंद्रात शून्य असे आकडे येतात. खरं प्रमाण हजारी एकाच्या आसपास असतं. तसंच ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तनळी (डक्टस) किंवा न उतरलेला वृषण मोजायचा नाही, कारण त्या वयात ते नैसर्गिक असतं. कंबरेवरचे निळे डाग, बेंबीचा हर्निया हेही नाही.

२४ ते ४८ तासांच्या दरम्यान पल्स ऑक्सिमीटर उजव्या हाताला आणि एका पायाला लावा. दोन्हीपैकी कुठलंही ९० च्या खाली तर लगेच पाठवा. एका ठिकाणी तरी ९५ किंवा जास्त आणि दोन आकड्यांत ३ पेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. मधलं काहीही असेल तर तासाने पुन्हा, मग आणखी एकदा, आणि तिसऱ्यांदाही तसंच राहिलं तर पाठवा. चुकतं कुठे? बाळाचे पाय गार असतात, मोठ्यांचं क्लिप-प्रोब लावलेलं असतं, किंवा रडत्या बाळाचा पहिला दिसलेला आकडा लिहिला जातो. तळपायाला गुंडाळायचं नवजाताचं प्रोब हवं आणि नाडीची लहर स्थिर झाल्यावरच आकडा घ्यायचा.

लिहिताना निदानाचं नाव एकटं लिहू नका. जे दिसलं ते साध्या मराठीत: 'कंबरेच्या मध्यरेषेवर ४ बाय ३ सेंमीची गाठ, वरची कातडी पातळ, मधून पाणी झिरपतं, दोन्ही पाय हलत नाहीत, डोक्यावरची टाळू फुगलेली.' या एका ओळीवरून जिल्ह्याचा तज्ज्ञ पातळी, उघडा की झाकलेला दोष, डोक्यात पाण्याची शक्यता, सगळं ठरवू शकतो आणि आंतरराष्ट्रीय रोगसूचीतला जन्मदोषांचा योग्य क्यू-संकेतांक देऊ शकतो. 'पाठीवर गाठ, रेफर' यावरून काहीच ठरत नाही. पालकांची लेखी संमती घेऊन तीन फोटो काढा: पूर्ण बाळ समोरून, पूर्ण बाळ मागून, आणि गाठ जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. हे फोटो कामाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे नाहीत. चाळीस घरांच्या वाडीत नाव न लिहिताही बाळ कोणाचं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. अहवालातही पाचपेक्षा कमी आकडा वाडीनुसार छापू नका, तालुक्याच्या बेरजेत घाला.

मेलेली जन्मलेली बाळं याच नोंदीत हवीत. मेंदूची कवटीच न घडलेली बाळं बहुतेक मृतच जन्मतात किंवा १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत सापडून गर्भपात होतो. ती सोडली तर तुमचा न्यूरल ट्यूबचा दर निम्म्यावर येतो आणि फॉलिक ॲसिडचा फायदाही मोजता येत नाही. पण इथे कायदा आडवा आहे आणि तो योग्य कारणासाठी आहे. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार त्या बाईचं नाव-गाव उघड करणं डॉक्टरला शिक्षेस पात्र आहे. म्हणून बाहेरच्या दवाखान्यांकडे चौकशी करू नका. बाईने स्वतःहून सांगितलं आणि संमती दिली तरच, नावाशिवाय, फक्त आठवडे आणि दोष एवढं लिहा.

दराचा छेद, म्हणजे एकूण बाळांची संख्या, मिळवणंही कोकणात सोपं नाही. तुमच्या गरोदर माता नोंदवहीत माहेरी आलेल्या मुली असतात आणि बाहेर गेलेल्या सुना निसटतात. आशाच्या नवजात भेटी, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, यांच्या यादीवर बाळ नेहमी कुठे राहणार असा एक रकाना वाढवा. वर्षअखेर 'इथेच राहणारी' बाळं मोजा, मग ती कुठेही जन्मलेली असोत. सहा महिने किंवा जास्त काळ ज्या घरी राहणार ते त्याचं घर, हा नियम पक्का ठेवा.

आता सर्वेक्षण. जन्मदोष आणि वाढीतलं मागेपण या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. पहिल्यात छेद जन्मांचा असतो, दुसऱ्यात त्या वयाच्या जिवंत मुलांचा. दोन्ही एकाच तक्त्यात घातल्या की आकडा कशाचाच राहत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात अपंगत्वाचं प्रमाण २.२१ टक्के निघालं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाच ठिकाणच्या अभ्यासात, ज्यात उत्तर गोवा हे एक ठिकाण होतं, २ ते ९ वयाच्या साधारण आठातल्या एका मुलात नऊपैकी निदान एक न्यूरो-विकासात्मक अडचण सापडली. हा फरक मुख्यतः विचारण्याच्या आणि तपासण्याच्या पद्धतीचा आहे. जनगणनेत प्रगणक घरच्यांना विचारतो, आणि घरचे चार वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाला अपंग म्हणत नाहीत, 'बापावर गेलाय, तोही उशिरा बोलला' म्हणतात. अभ्यासात प्रशिक्षित माणसांनी मुलं प्रत्यक्ष तपासली, आणि त्यात ऐकणं, पाहणं, आकडी, बोलणं, स्वमग्नता, शिकण्यातल्या अडचणी असं सगळं धरलं होतं. 'गावात अपंग मुलं किती' असा प्रश्न असलेला फॉर्म म्हणूनच नको.

तुमच्याकडे २ ते ९ वयाची मुलं अंदाजे २८०० निघतील. नमुना काढत बसू नका, सगळी पाहा. पहिली पायरी आशा आणि अंगणवाडी सेविकेने दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीने करायची. ती २ ते ९ वयासाठीच आहे आणि आई-आजीला विचारायची आहे: बसायला-चालायला इतर मुलांपेक्षा फार उशीर झाला का, दिवसा किंवा रात्री दिसायला त्रास, ऐकायला त्रास, सांगितलेलं समजतं का, हातपाय अशक्त किंवा ताठ आहेत का, फिट येते का, वयाच्या मुलांसारखं शिकतं का, बोलतं का, बोलणं बाहेरच्यांना समजतं का, एकूण मंद वाटतं का. कुठल्याही एका प्रश्नावर अडखळलं की दुसऱ्या पायरीला. डोळे आणि कान या बाबतीत ही प्रश्नावली कच्ची आहे, सौम्य दोष तिच्यातून सुटतात. म्हणून चार वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाचे डोळे तक्त्याने तपासा आणि बोलण्याचा प्रश्न ज्याला लागू झाला त्या प्रत्येकाचं कान तपासणं सक्तीचं धरा. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्रिवेंद्रमचा १७ बाबींचा विकास तक्ता चांगला आहे, पाच-सात मिनिटांत होतो. महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून मोजा. हे विसरल्यामुळे कितीतरी बाळं उगाच 'मागे' ठरतात.

प्रश्न पुस्तकी मराठीत विचारले तर उत्तर 'नाही, तसं काय नाय' असंच येतं. मालवणी पट्ट्यात 'फेफरे येतात का' यापेक्षा 'आकडी' चालतं. 'झिलाक आयकाक येता काय?' एवढं म्हटलं तर आजी 'होय' म्हणते, कारण भांडं आपटलं तर तो दचकतो. 'पाठमोरा असताना हळू हाक मारली तर वळतो काय?' असं विचारा. सेविकांचं प्रशिक्षण दोन दिवस घ्या आणि त्यातला अर्धा दिवस फक्त हे शब्द ठरवायला द्या. 'मतिमंद', 'मुका', 'वेडा' हे शब्द फॉर्मवर आणि दारात वापरायचे नाहीत. एकदा वापरले की त्या वाडीतलं पुढचं दार उघडत नाही.

दुसरी पायरी: संशयित सगळी मुलं बालरोगतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, नेत्र तंत्रज्ञ आणि मानसतज्ज्ञाने तपासायची. आणि जी मुलं पहिल्या पायरीत ठीक ठरली त्यांतलीही दहांतून एक चिठ्ठी टाकून बोलवायची. ही दुसरी गोष्ट खर्च वाचवायला जवळजवळ सगळे गाळतात, आणि तिथेच सर्वेक्षण फसतं. उदाहरण धरा. २८०० मुलांतून २८० संशयित निघाली, त्यांतली २६० आली, १५० मध्ये अडचण पक्की झाली. इथेच थांबलात तर दर ५.४ टक्के. आता ठीक ठरलेल्या २५२० मधून २५० पाहिली आणि त्यांत ४ मुलं सापडली. म्हणजे २५२० मध्ये सुमारे ४० सुटली. न आलेल्या २० संशयितांपैकीही त्याच प्रमाणात ११-१२ असणार. एकूण दोनशेच्या वर, दर ७.२ टक्के. मधली पन्नास मुलं कागदावर नसतात, पण घरात असतात.

हंगाम ठरवणं हे इथलं खास काम. गणपती, शिमगा आणि मे महिना टाळा. मुंबईची मुलं गावी आलेली असतात, छेद फुगतो, आणि आज दिसलेलं मूल तपासणीच्या दिवशी विरारला असतं. जून ते सप्टेंबर साकवापलीकडच्या वाड्यांत पोचणं अवघड. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी बहुतेक गावांना बरा. पण कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टी आणि कोळशाच्या कामाला बाहेर पडतात, तेव्हा रायगडातल्या किंवा तुमच्या शेजारच्या कातकरीवाड्या ऑक्टोबरच्या आत उरकल्या पाहिजेत, नाहीतर ज्या मुलांकडे सर्वांत कमी लक्ष गेलंय तीच गळतात. कोळीवाड्यांत बापाशी बोलायचं असेल तर १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सोयीची, होड्या किनाऱ्याला असतात. बागांत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं कुठल्याच यादीत नसतात. बागायतदारांची यादी घेऊन तिथे वेगळी फेरी करा.

सुरू करण्याआधी संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घ्या. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी तयारी पालकांच्या संमतीबरोबरच वेगळी विचारायची असते. आणि त्याहून आधी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला फोन करून विचारा की आठवड्याला किती नवी मुलं घेता येतील. उत्तर दहा असेल तर सर्वेक्षण आठवड्याला दहा संशयितांच्या वेगानेच चालवा. दोनशे आयांना तुमच्या मुलात काहीतरी आहे सांगून सहा महिने थांबवणं हा अन्याय आहे. माझ्या मते असं सर्वेक्षण न झालेलं बरं.

पाठवल्यानंतर काय होतं तेही याच नोंदवहीत हवं. वाकड्या पायाला पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला एक असं पाच ते सात वेळा प्लास्टर बदलतात, बहुतेकांची टाचेची शीर छोट्या छेदाने मोकळी करतात, मग बूट-पट्टी तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. प्लास्टरच्या फेऱ्या आई एस.टी.ने कशाबशा करते. पाय सरळ दिसायला लागला की बूट सुटतो, आणि पाय पुन्हा वळण्याचं मुख्य कारण तेच असतं. म्हणून आशाची दरमहा भेट प्लास्टरच्या काळापेक्षा बुटाच्या काळात जास्त लागते. कानांसाठी तारखा एक-तीन-सहा: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्याच्या आत पक्कं निदान, सहाव्याच्या आत यंत्र आणि शिकवणं सुरू. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या बाळाचा डोळ्याचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासलाच पाहिजे, अगदी लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. हे दिवस गेले की डोळा परत येत नाही.

पुढच्या वेळी पाठीवर गाठ असलेलं बाळ आलं तर हळद, स्पिरिट, पावडर काही लावू नका. निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेली गॉज, वरून स्वच्छ प्लास्टिकचं आवरण, बाळ पालथं किंवा कुशीवर, लेटेक्सचे हातमोजे टाळून, आणि उघडी गाठ असेल तर ४८ ते ७२ तासांत शस्त्रक्रिया होईल अशा बेताने थेट मोठ्या रुग्णालयात.

आता त्या दोन आया. त्यांच्या पुढच्या बाळाला हाच दोष होण्याचा धोका शंभरात तीनच्या आसपास, इतरांपेक्षा कितीतरी पट. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा आयांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर दोष ७२ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते. ती दिवस राहण्याच्या निदान एक महिना, शक्यतो तीन महिने आधीपासून पहिले बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज. इतर सगळ्या बायकांना ४०० मायक्रोग्रॅम पुरतात, पण तेही आधीपासून. बाराव्या आठवड्याच्या आतली नोंदणी आपण वेळेवरची म्हणतो, फॉलिक ॲसिडच्या हिशेबाने तोवर सहा आठवडे उशीर झालेला असतो. चाकरमान्यांच्या घरात नवरा गणपतीला आणि शिमग्याला येतो. मग आषाढात आणि पौष-माघात गोळ्या घरात पोचलेल्या हव्यात. पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत या दोन नावांपुढे लाल खूण करा, मुंबईचा फोन नंबरही लिहा, आणि आशाची पहिली भेट बाळाला तीन महिने व्हायच्या आत ठेवा. त्या भेटीत गर्भनिरोधनाचंही बोला, म्हणजे गोळी सुरू व्हायच्या आत दिवस राहणार नाहीत.